चेनवरचा रोबोट आत नेताना: पोलिस पथकातील नव्या ऑपरेटरसाठी

फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात २० ऑक्टोबर २०११ रोजी ‘क्विन्स’ नावाचा चेनवर चालणारा जपानी रोबोट दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत शिरला, जिने चढून पाचव्या मजल्यापर्यंत गेला आणि परत येताना तिसऱ्या मजल्यावर केबल अडकून निकामी झाल्याने तिथेच राहिला. यंत्र चांगले होते, चालवणारी माणसे जाणती होती आणि चढाईही व्यवस्थित पार पडली होती. घात झाला तो परतीच्या वाटेवर. बॉम्बशोधक व नाशक पथकात किंवा शीघ्र कृती दलात रोबोटची जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्या ऑपरेटरला मी पहिल्या दिवशी हीच घटना सांगतो, कारण या कामातला जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: हा रोबोट बाहेर कसा येणार? आत अडकलेला रोबोट म्हणजे केवळ पैशांचे नुकसान नव्हे. अरुंद जिन्यात तो आडवा पडला तर मागून जाणाऱ्या जवानांची वाटच बंद होते, आणि ज्या माणसाला धोक्यापासून दूर ठेवायचे म्हणून रोबोट घेतला, त्यालाच तो काढायला आत जावे लागते.

या यंत्रांचा जन्मच माणसाला दूर ठेवण्याच्या गरजेतून झाला. उत्तर आयर्लंडमध्ये मोटारींत पेरलेले बॉम्ब निकामी करताना ब्रिटिश सैन्याचे तंत्रज्ञ बळी पडत होते, तेव्हा १९७२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी विजेवर चालणाऱ्या बागकामाच्या हातगाडीचा सांगाडा घेऊन तो दुरून हाकण्याची युक्ती काढली. संशयित मोटारीला हूक अडकवावा आणि दोराने ती ओढून काढावी, एवढाच मूळ हेतू होता. त्या यंत्राला ‘व्हीलबॅरो’ असे नाव पडले आणि पुढच्या आवृत्त्यांत चाके जाऊन चेन आली. आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथे असलेल्या डीआरडीओच्या, म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या, अभियांत्रिकी आस्थापनेने ‘दक्ष’ विकसित केला आणि डिसेंबर २०११ मध्ये त्यातले पहिले पाच सैन्याच्या हाती दिले. यंत्रे बदलली, कॅमेरे सुधारले, तरी ऑपरेटरने शिकायच्या गोष्टी फारशा बदललेल्या नाहीत.

चेनचा स्वभाव

ज्याने पोकलेन जागच्या जागी वळताना पाहिला आहे, त्याला चेनचा स्वभाव अर्धा कळलेला असतो. या रोबोटला स्टिअरिंग नसते. एका बाजूची चेन जास्त वेगाने आणि दुसरी कमी वेगाने किंवा उलटी फिरवली की तो वळतो, म्हणजेच वळताना दोन्ही चेन जमिनीवर आडव्या घासतात. गुळगुळीत फरशीवर हे घासणे सहज होते. जाजमावर, खडबडीत काँक्रीटवर किंवा जाड रबरी चटईवर मात्र मोटरला मोठा जोर लावावा लागतो, बॅटरी भराभर उतरते आणि चेनचा रबरी पट्टा दातेरी चक्रावरून सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून नव्या ऑपरेटरने पहिली सवय लावून घ्यायची ती ही की, जागा असेल तिथे मोठा वळसा घेऊन वळावे आणि जागच्या जागी गिरकी घेण्याची वेळ आलीच तर ती थोडी थोडी, मध्ये हातभर अंतर पुढे-मागे सरकून, तीन-चार टप्प्यांत घ्यावी.

सराव फक्त पोलिस मुख्यालयाच्या सिमेंटच्या मैदानावर करू नये. मराठवाड्यातली आणि विदर्भातली काळी माती पहिल्या पावसानंतर चेनच्या आतल्या बाजूला थापली जाते, चक्राच्या दातांमधली जागा भरून टाकते आणि पाच-पन्नास मीटरांत पट्टा ताणून बाहेर फेकते. कोकणातल्या तांबड्या चिखलाचा त्रास वेगळा असतो. तो चिकटतो कमी, पण त्यातले बारीक खडे पट्टा आणि चाक यांच्यामध्ये अडकतात. ओल्या शेतातून रोबोट न्यायचाच असेल तर बांधावरून किंवा गवत असलेल्या पट्ट्यातून न्यावा, आणि दर काही मीटरांनी थोडे मागे घेऊन माती झडू द्यावी. सुतळी, प्लास्टिकची पिशवी, पतंगाचा मांजा आणि पडदे यांच्यापासून चेन कटाक्षाने दूर ठेवावी. दाराला लोंबणारा एक साधा पडदा चेनमध्ये गुंडाळला गेला तर रोबोट दाराला बांधल्यासारखा होतो, आणि तो पडदा कॅमेऱ्याच्या काही सेंटिमीटर खाली असल्याने पडद्यावर, म्हणजे आपल्या स्क्रीनवर, दिसतही नाही.

जिना

बहुतेक पथके चेनवरचा रोबोट घेतात ती जिन्यासाठी, आणि बहुतेक रोबोट अडकतात तेही जिन्यातच. म्हणून या भागाला वेळ द्यावा.

आधी हिशेब पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ही दोन्ही मापे टोकाची धरली तर जिन्याचा चढ सुमारे ३७ अंशांचा होतो. उलट, जिथे पायरी १५० मिलिमीटर उंच आणि ३०० मिलिमीटर रुंद असते, अशा सार्वजनिक इमारतीत तोच चढ साधारण २७ अंशांचा असतो. हा दहा अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात एका जिन्यावर रोबोट निवांत चढतो आणि दुसऱ्यावर मागे कोलमडतो. आता दुसरे माप. उभ्या जिन्यात एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचे तिरपे अंतर सुमारे ३१ सेंटिमीटर भरते. रोबोट जिन्यावर स्थिर राहायचा तर कोणत्याही क्षणी त्याची चेन निदान दोन कडांवर टेकलेली हवी, आणि त्यासाठी टेकणारी लांबी ६३ सेंटिमीटरच्या आसपास तरी लागते. अनेक रोबोटांना पुढे दोन फ्लिपर, म्हणजे खाली-वर हलणारे चेनचे छोटे पाय, दिलेले असतात, ते याचसाठी. ‘पॅकबॉट’ हा अमेरिकी रोबोट फ्लिपर मिटलेले असताना सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असतो आणि ते पुढे पसरले की जवळजवळ ८९ सेंटिमीटर होतो. वाढलेले हे वीस सेंटिमीटर त्याला तिसऱ्या कडेचा आधार मिळवून देतात. आपल्या हाती असलेल्या रोबोटची ही लांबी स्वतः टेपने मोजून कंट्रोलरच्या झाकणावर लिहून ठेवावी, म्हणजे जिना समोर आल्यावर अंदाज बांधत बसावे लागत नाही.

चढताना रोबोट पहिल्या पायरीसमोर अगदी सरळ उभा करावा. दोन्ही चेन एकाच वेळी कडेला भिडल्या पाहिजेत. एक बाजू आधी टेकली तर तो पहिल्याच पायरीवर वाकडा होतो आणि पुढे प्रत्येक पायरीबरोबर तो वाकडेपणा वाढत जातो. फ्लिपर उचलून दुसऱ्या पायरीच्या कडेवर ठेवावेत, रोबोट वर आल्यावर ते चेनच्या रेषेत सरळ करावेत, आणि हात, म्हणजे वस्तू पकडणारी यांत्रिक भुजा, खाली दुमडून चढाच्या बाजूला झुकलेली ठेवावी. वजन नेहमी वरच्या बाजूला असावे हा नियम उतरतानाही लागू असतो: उतरताना भुजा मागे, म्हणजे जिन्याच्या वरच्या दिशेला घ्यावी. कॅमेऱ्याला दूरचे दिसावे म्हणून भुजा उंच उभारून जिना चढणे ही नवशिक्यांची हमखास चूक आहे, आणि ती केलेला रोबोट पाठीवर पडलेला मी पाहिला आहे.

एकदा पायऱ्यांवर आल्यावर वळू नये. दिशा चुकली असेल तर सरळ मागे उतरावे आणि पुन्हा सुरुवात करावी. थोडक्यात सुधारून घेण्याचा मोह फार होतो, परंतु एका चेनला जास्त वेग दिला की रोबोट तिरका होऊन कठड्याला टेकतो आणि मग त्याला धड पुढेही जाता येत नाही, धड मागेही येता येत नाही. वळायचे ते जिन्याच्या चौकातच, म्हणजे जिना जिथे वळतो तिथल्या सपाट जागेतच, आणि चौक पुरेसा आहे की नाही हे चढण्याआधी पाहून. ज्या क्विन्सची हकिगत सुरुवातीला सांगितली, त्याच्यावर चार महिने आधी, जून २०११ मध्ये, त्याच इमारतीच्या तळघरात पाण्याची पातळी मोजण्याचे उपकरण बसवण्याचे काम सोपवले होते. जिन्याचा चौक आराखड्यात दाखवल्यापेक्षा अरुंद निघाला, वळता येईना आणि काम सोडून परत यावे लागले. अणुवीज केंद्राच्या आराखड्यात जर असा फरक पडत असेल, तर चाळीत, जुन्या वाड्यात किंवा मंजुरीनंतर वाढवलेल्या इमारतीत कागदावर विसंबणे योग्य नाही. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या जिन्याचा चौक मोजावा, किंवा रहिवाशांना विचारावे की कपाट वर कसे नेले होते. दोन-दारी लोखंडी कपाट ज्या चौकात वळले, तिथे आपला रोबोट बहुधा वळतोच.

जुन्या लाकडी जिन्यांच्या पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात आणि तिथे रबरी दात पकड घेत नाहीत. अशा ठिकाणी रोबोट तळमजल्यावरच ठेवून वरचा मजला दुसऱ्या मार्गाने पाहण्याचा सल्ला पथकप्रमुखाला स्पष्ट शब्दांत द्यावा. ‘नाही चढणार’ हे वेळेवर सांगणे हे ऑपरेटरचे कर्तव्य आहे.

रेडिओ आणि केबल

रोबोटच्या माहितीपत्रकात दिलेला रेडिओचा पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. सळयांनी भरलेली आरसीसीची भिंत, लोखंडी शटर, लिफ्टचा खांब आणि तळघर यांनी तो किती आटतो हे आपल्याच शहरातल्या चार-पाच वेगवेगळ्या इमारतींत जाऊन तपासावे. संपर्क तुटल्यावर आपला रोबोट काय करतो, जागीच थांबतो की आलेल्या मार्गाने थोडा मागे येतो, हेही कंट्रोलर बंद करून सरावातच पाहून ठेवावे. सिग्नल कमी होऊ लागला की पुढे रेटत न जाता लगेच थांबावे, कारण शेवटचे दोन मीटर पुढे गेलेला रोबोट तेच दोन मीटर मागे येण्याची आज्ञा ऐकू शकत नाही. बॉम्बच्या प्रसंगी आणखी एक अडचण येते. दुरून स्फोट घडवता येऊ नये म्हणून पथक जॅमर, म्हणजे रेडिओ संदेश अडवणारे यंत्र, लावते आणि तो जॅमर आपल्याच रोबोटचाही संपर्क बंद करू शकतो. म्हणून केबलवर चालवण्याची सोय असलेला रोबोट घ्यावा आणि केबलचा सराव रेडिओइतकाच करावा.

केबलचे शास्त्र साधे आहे, पण ते मन लावून पाळावे लागते. आत जाताना केबल रोबोटच्या मागे सुटत जाते आणि प्रत्येक कोपऱ्यावर, खांबावर, टेबलाच्या पायावर घासत जाते. तीन कोपरे ओलांडल्यावर ती ओढून घेणे जवळजवळ अशक्य होते. परत येताना तीच केबल सैल होऊन जमिनीवर वेटोळी करते आणि रोबोट आपल्याच केबलवर चढतो. एका जुन्या शाळेच्या इमारतीत सराव चालू असताना कंट्रोलर माझ्या हातात होता. वर्गातली तीन बाके ओलांडून रोबोट खिडकीपर्यंत गेला, तिथली पिशवी कॅमेऱ्यात नीट दिसली, आणि तो मागे घेताना केबल मधल्या बाकाच्या पायाला वेढा घालून डाव्या चेनखाली आली. स्क्रीनवर फक्त खिडकी दिसत होती. मोटरचा आवाज जड झाल्याचे बाहेर उभ्या असलेल्या हवालदारांनी ओळखले आणि ‘साहेब, थांबा’ म्हणून हाक दिली, तोवर केबल चक्रात ओढली जाऊन पट्टा उतरला होता. केबलकडे पाहण्यासाठी मी कोणालाही नेमले नव्हते. त्या दिवसापासून केबल सोडणारा आणि गोळा करणारा एक माणूस ठरलेला असतो, तो दुसरे काहीही करत नाही, आणि रोबोट मागे घेण्याआधी ऑपरेटर त्याला विचारतो. शक्य असेल तिथे रोबोट ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर आणावा. खांबाच्या दुसऱ्या बाजूने आला की केबलची गाठ बसलीच म्हणून समजावे.

कॅमेऱ्यातून पाहणे

स्क्रीनवर खोली दिसते, परंतु खोलीची खोली दिसत नाही. वस्तू किती दूर आहे हे एका कॅमेऱ्यातून कळत नाही, आणि रुंद कोनाच्या भिंगामुळे जवळची वस्तू मोठी व दूरची फारच लहान भासते. यावर सर्वांत विश्वासू उपाय म्हणजे फरशी मोजणे. नव्या इमारतींत बहुधा दोन बाय दोन फुटांची फरशी असते, म्हणजे एक फरशी सुमारे ६० सेंटिमीटर. जुन्या घरांत मोझॅकच्या फरशा लहान, साधारण वीतभर किंवा थोड्या मोठ्या असतात. दारातून आत शिरताना आपल्या रोबोटच्या रुंदीत किती फरश्या मावतात हे एकदा पाहून घेतले की पुढचे प्रत्येक अंतर मोजता येते. भुजेने काही उचलायचे असेल तर दिव्याने पडणाऱ्या सावलीकडे पाहावे: भुजेच्या टोकाची पकड आणि तिची सावली एकमेकींना जिथे भेटतात, तिथे पकड पृष्ठभागाला टेकलेली असते.

चित्र पोहोचायला लागणारा उशीर हाही धोका आहे. समजा चित्र ०.३ सेकंद उशिरा येते आणि रोबोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात आहे; तर आपल्याला तो जिथे दिसतो, त्याच्या १५ सेंटिमीटर पुढे तो पोहोचलेला असतो. कंपासपेटीतल्या पट्टीएवढे हे अंतर दाराला बांधलेली तार आणि रोबोट यांच्यात असू शकते. म्हणून अनोळखी खोलीत थोडे सरकावे, थांबावे, कॅमेरा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवावा, पाहिलेले मोठ्याने बोलावे आणि मगच पुढे सरकावे. बोललेले टिपून घेण्यासाठी शेजारी एक निरीक्षक असावा, ज्याच्या हातात कंट्रोलर नसतो आणि ज्याच्यासमोर खोलीचा कच्चा नकाशा असतो. फुकुशिमात एप्रिल २०११ मध्ये दोन पॅकबॉट एकत्र पाठवले गेले होते, आणि एकाने दुसऱ्याचे काम बाजूने पाहावे, हा त्यातला मोठा फायदा होता. आपल्याकडे दुसरा रोबोट नसेल तर आरसा किंवा खिडकीची काच जिथे सापडेल तिथे तिचा उपयोग करावा. त्याच मोहिमेत दमट हवेमुळे भिंगावर वाफ धरली होती. वातानुकूलित गाडीतून रोबोट काढून पावसाळ्यातल्या दमट खोलीत नेला की मुंबईतही हेच होते. त्यामुळे रोबोट वापरण्याआधी काही वेळ बाहेरच्या हवेत ठेवावा.

पथकाबरोबर

दारामागे सशस्त्र माणूस दडलेला असेल किंवा ओलीस ठेवलेले लोक असतील, तेव्हा रोबोट सर्वांत जास्त देतो तो वेळ. कॅमेरा, माइक आणि स्पीकर यांच्या मदतीने कोणाही जवानाला दारात उभे न करता आतल्या माणसाशी बोलता येते, फोन किंवा पाणी पोहोचवता येते. आत बोलणारा माणूस ऑपरेटर नसावा. वाटाघाटी करणाऱ्या अधिकाऱ्यालाच माइक द्यावा आणि ऑपरेटरने फक्त यंत्र सांभाळावे. रोबोट कुठे उभा करायचा हे आत जाणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाशी आधी ठरवावे. दाराच्या चौकटीत किंवा जिन्याच्या तोंडाशी तो कधीही उभा करू नये, आणि ‘रोबोट भिंतीला’ असा ठरलेला शब्द आला की तो डाव्या भिंतीला लागलाच पाहिजे, इतका सराव असावा.

या यंत्रांवर मारक साधन बसवण्याचा विषय पथकात कधी ना कधी निघतोच. डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ रोजी पाच पोलिसांना ठार करणाऱ्या हल्लेखोराला तिथल्या पोलिसांनी बॉम्बपथकाच्या रोबोटवरून स्फोटके पाठवून मारले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलिसांच्या रोबोटांना अशा वापराची परवानगी दिली आणि लोकांचा विरोध पाहून आठवडाभरातच ती मागे घेतली. माझे मत स्पष्ट आहे: असा निर्णय घटनास्थळी, तणावाखाली, कंट्रोलर हातात असलेल्या माणसावर कधीही सोडू नये. काय करायचे नाही याचा लेखी आदेश वरिष्ठांकडून आधीच घ्यावा आणि तो प्रत्येक ऑपरेटरने वाचलेला असावा. शिवाय जो रोबोट लोकांना औषध आणि फोन नेऊन देणार आहे, त्याला पाहून आतल्या माणसाने गोळी झाडायचे ठरवले, तर त्याचा संवादासाठी असलेला उपयोगच संपतो.

बॅटरी आणि परतल्यानंतर

बॅटरीचा हिशेब तीन भागांत करावा: एक भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी राखीव. जिना चढणे आणि जागच्या जागी वळणे यांत सर्वाधिक वीज जाते, म्हणून दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर निम्मी बॅटरी उरली असेल तर ती पुरेशी समजू नये. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गाडीत बंद ठेवलेली लिथियमची बॅटरी लवकर खराब होते. ती सावलीत ठेवावी आणि उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. लडाखसारख्या भागात काम करणाऱ्या तुकड्यांनी उलट काळजी घ्यावी, कारण शून्य अंशाखाली लिथियमची बॅटरी चार्ज केल्याने ती कायमची बिघडते. महिनोन् महिने वापर होणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवावी आणि दर महिन्याला तपासावी.

रोबोट परत आला की तो त्याच संध्याकाळी धुवावा किंवा पुसावा. पट्ट्याच्या आतली माती लाकडी काडीने काढावी, पट्टा हाताने संथपणे पूर्ण एक फेरी फिरवून प्रत्येक दात पाहावा, आणि चिरलेला दात दिसला तर त्याच्या जागेवर खडूने खूण करावी. केबल पूर्ण उलगडून बोटांच्या चिमटीतून ओढत तपासावी; चिमटीला जिथे खरखर लागते तिथे वरचे आवरण गेलेले असते. भिंग मऊ कापडाने पुसावे, खिशातल्या रुमालाने नव्हे. त्यानंतर नोंदवहीत तारीख, ठिकाण, जिन्याचे माप, चौकाचे माप, सिग्नल कुठे तुटला आणि बाहेर यायला किती वेळ लागला, हे त्याच रात्री ऑपरेटरने स्वतःच्या हाताने लिहावे, आणि निरीक्षकाने काढलेला खोलीचा कच्चा नकाशा त्याच पानाला टाचणीने जोडावा.